फोकसचं तोंड

अंजनाने शेवंतीचं झाड दोन्ही हातांनी फाकवलं, शेंडा डोळ्यांजवळ आणला आणि सोडून दिला. पुढचं झाड पाहिलं. तेही तसंच. पानं गर्द हिरवी, दांडा जाड, वाढ अशी की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. आणि कळी म्हणून कुठे नाही. गौरी-गणपती होऊन गेले होते. निमगाव सावातल्या बाकीच्या मळ्यांत शेवंती कळ्यांनी लगडली होती आणि हिचं वावर नुसतं पाल्यावर माजलं होतं.

औषधं मारून झाली होती. खंडोबाला नारळ बोलून झाला होता. नर्सरीवाल्याला फोनवर शिव्याही घालून झाल्या होत्या. त्याने त्या निमूट ऐकल्या आणि त्याच रोपांना बाकीच्यांकडे कळी आलीय, एवढंच सांगितलं होतं. म्हणजे खोट रोपांत नव्हती. मग कुठे होती?

बांधावरून तिचे सासरे भिमाजीनाना गुडघ्यावर हात ठेवत आले.

"लागला का शोध?"

"बघतेय, नाना."

"बघ, बघ. मी बोरीला जाऊन आलो. उसाचं बेणं बोलून ठिवलंय. दिवाळीचा पाडवा झाला की सऱ्या पाडायच्या न् लावून मोकळं व्हायचं. झाली तुझी हौस."

गेल्या साली या वावरात ऊसच होता, पार घराच्या भिंतीला टेकलेला. बांधापलीकडे भावकीतल्या रत्नाचं घर. तिची श्रेया दिवेलागणीला अंगणात पाय धूत होती आणि लाइट गेलेली होती. वाघ उसातून आला आणि उसातच गेला. सरकारी माणसं त्याला बिबट्या म्हणतात, ज्यांची पोरं अंगणात खेळतात ती वाघच म्हणतात. गाव बॅटऱ्या घेऊन उसात शिरलं. पोर सापडली ती जागा नानांच्या वावराच्या मधोमध होती.

त्यानंतर अंजनाने घरात सांगून टाकलं, एकतर ऊस राहील नाहीतर मी राहीन. माझ्या शौर्यला घेऊन मी आण्याला माहेरी चालले. आण्याच्या पठारावर ना पाणी, ना ऊस, ना वाघ. नवरा सुदर्शन चाकणला कंपनीत, रविवारपुरता घरी येणारा. तो एकदा बापाकडे आणि एकदा बायकोकडे बघत बसला. शेवटी नानांनीच माघार घेतली. ऊस गेल्यावर तिला शेवंती लावू दिली, पण एका बोलीवर. दिवाळीला फुलं बाजारात गेली पाहिजेत, नाहीतर पुन्हा ऊस. नाना काही दुष्ट नव्हते. गुडघे गेलेल्या माणसाला ऊस परवडतो, कारण तो आपला आपण वाढतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

नाना घराकडे वळले तशी ती शोधत शोधत विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीपर्यंत गेली. खोलीमागे कोंदट जागा, तिकडे ती फारशी फिरकत नसे. तिने सवयीने शेंडा हातात घेतला आणि थबकली. कळ्या होत्या. टपोऱ्या, हरभऱ्याएवढ्या. शेजारच्या झाडालाही होत्या. खोलीच्या रुंदीएवढ्या पट्ट्यात सगळी झाडं कळ्यांनी भरली होती. तो पट्टा जिथे संपत होता तिथे कळ्याही संपत होत्या.

ती उभी राहिली. पट्ट्याच्या रेषेत पाहिलं तर खोलीच्या पलीकडे रत्नाचं अंगण, अंगणात लोखंडी खांब आणि खांबावर फोकस. पोर गेल्यावर रत्नाच्या नवऱ्याने, दादाभाऊने, तो बसवला होता. अंधार पडला की लागायचा तो थेट उजाडेपर्यंत. इकडे सगळ्या वावरावर दिवसासारखा उजेड, फक्त खोलीमागे सावली.

लग्नाआधी ती पॉलिहाऊसवर कामाला जायची, तेव्हाचं तिला आठवलं. शेवंतीचं फूल थोपवायचं असलं की तिथे रात्रभर दिवे लावत. तिला रात्र मोठी झालेली कळली नाही तर ती फुलत नाही, नुसती वाढत राहते. इतके दिवस रोज हा उजेड डोळ्यांवर येत होता आणि आपल्याला सुचू नये! अंजनाने कपाळावर हात मारून घेतला.

तिने धावत जाऊन नानांना सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं.

"मंग ऊसच बरा की. उसाला ना उजेडाचं सोयर, ना अंधाराचं सुतक."

"नाना, आत्ता फोकस बंद झाला तर दसरा नाय, पण दिवाळी साधंल."

"न् रत्नाला सांगणार कोण? तू? कुठल्या तोंडानं सांगशील?"

फोकस बसवला तेव्हा पारावर कुणीतरी म्हणालं होतं, बैल गेला न् झोपा केला. म्हण खोटी नाही, पण ती कुठे म्हणावी याची अक्कल म्हणीबरोबर मिळत नाही. ती रत्नाच्या कानावर गेली आणि तेव्हापासून रत्ना पाराकडे गेली नाही.

ऊन उतरल्यावर अंजना बांध ओलांडून गेली. रत्ना ओट्यावर घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती.

"ये. शौर्य कुठंय?"

"घरात. दार लावून आलेय."

"वरची कडी लावली का?"

"लावली, ताई."

रत्ना पुन्हा शेंगा मोडू लागली. अंजनाही दोन शेंगा हातात घेऊन मोडायला लागली, तेवढाच हातांना आधार.

"ताई, शेवंतीला कळी धरंना."

"दिसतंय मला हितनं."

"तिला अंधार लागतो. फोकसमुळं तिला रात्रच व्हत न्हाई."

रत्नाचे हात थांबले. अंजना घाईघाईने म्हणाली, "बंद नका करू. तोंड तेवढं फिरवा. अंगणाकडं करा. तुमालाच उजेड लई पडंल."

"अंगणात उजेड मला कशाला? अंगणात कोण हाय आता?"

अंजनाने मान खाली घातली.

"तोंड तिकडंच ऱ्हाणार," रत्ना म्हणाली. "तिकडं न्हेली तिला. लई भ्यायची ती अंधाराला. मोरीपतूर जायचं तरी म्हणायची, आये, बॅटरी दाव. त्या दिशी बॅटरी ह्यांनी मोटारीवर न्हेली व्हती. मी म्हणलं, जा की, कोण खातंय तुला."

शेवटचं वाक्य ती अगदी साध्या आवाजात बोलली. रोज स्वतःशी म्हणत असेल, म्हणून त्याची धार गेली असेल. अंजनाला मात्र ते आरपार गेलं. उठून जावं, जमीन दुभंगली तर तिच्यात जावं, असं तिला झालं. पण ती उठली नाही. तिच्याही घरात पोर होतं.

"ताई, फुलं नाय आली तर नाना ऊस लावणारेत. तिथंच. पार भिंतीपतूर. माझा शौर्य..." तिने वाकून रत्नाच्या पायांवर डोकं ठेवलं. शेंगांची परात कलंडली.

रत्नाने पाय काढून घेतले.

"ऊठ. जा घरी. दिवेलागण झाली, पोर एकटं हाय."

अंजना उंबऱ्याशी पोचते न पोचते तोच फोकस लागला. पांढराफटक उजेड वावरभर पसरला आणि शेवंतीचं पान न् पान चमकायला लागलं. तिला इतका संताप आला, आणि त्या संतापाची इतकी लाज वाटली, की तिला रडूही येईना. तिने अंगणातला एक धोंडा उचलला. नेम चुकण्याजोगं अंतर नव्हतं. धोंडा हातात घेऊन ती उभी राहिली, मग तो तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून आत गेली आणि शौर्यला इतकं घट्ट धरलं की तो ओरडला. तिला दिसत होतं ते एवढंच. पाडव्याला सऱ्या पडतील, पावसाळ्यापर्यंत ऊस डोक्याच्या वर जाईल आणि दिवेलागणीला ती पोराला हाका मारत फिरेल.

दुसऱ्या दिवशी ती शेवंतीकडे फिरकली नाही. संध्याकाळी चुलीपुढे बसली असताना शौर्य खिडकीतून ओरडला, "आये, फोकस लागला नाय!"

"लाइट गेली असंल."

"आपली हाय की."

अंजना ओट्यावर आली. रत्नाच्या घरात बल्ब लागलेला दिसत होता. खांबावर काहीच नव्हतं. खालचं वावर काळंकुट्ट पडलं होतं, कुठे बांध आणि कुठे झाडं ते कळत नव्हतं. ओट्यावर बसलेले नाना काठी चाचपत म्हणाले, "ह्या बाईनं काय केलं हे?"

तेवढ्यात त्या अंधारात एक बारीक उजेड हलला. बॅटरी होती. तो ठिपका बांधावरून खाली उतरला, शेवंतीच्या दोन बेडांमधून सावकाश आत आला आणि वावराच्या मधोमध, त्या जागी, थांबला. मग खाली बसल्यासारखा झाला आणि विझला.

अंजना किती तरी वेळ तिकडे बघत राहिली. मग तिने पदर खोचला.

"कुठं चाललीस अंधाराची?" नाना म्हणाले. "थांब, बॅटरी घे. वाघ-बिग..."

"बॅटरी ह्यांनी चाकणला नेलीय. शौर्यला आत घ्या, नाना. वरची कडी लावा."

ती अंगण ओलांडून वावराच्या कडेला आली आणि तिथेच अडली. वर्षभर त्या उजेडात वावरून तिच्या डोळ्यांना अंधार पारखा झाला होता. पुढचं पाऊल कुठे पडेल ते दिसत नव्हतं. डावीकडे काहीतरी सळसळलं, वाराच असेल, पण तिच्या तोंडून निघून गेलं,

"ताई, बॅटरी दावा."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

अंधारात काही हललं नाही. मग बटण दाबल्याचा आवाज झाला. उजेड शेवंतीच्या शेंड्यांवरून घसरत आला, तिच्या पायांपाशी थांबला आणि ती जसजशी पुढे गेली तसतसा तिच्या पायांबरोबर चालत राहिला.