चादरीचा पीळ

अपघात झाल्यापासून त्याच्या डोक्यात एकच प्रश्न घाण्याला जुंपल्यासारखा फिरत होता: वरच्या कोपऱ्यातला तो नट आपण आवळला होता की नाही? परांच्या बांधणं हे त्याचं काम. त्यानेच बांधलेली परांची एका अंगाला खचली आणि रंगारी खाली कोसळला. तो अजून शुद्धीवर नव्हता. कामावरचे सगळे एका सुरात सांगत होते, सुरक्षेचा पट्टा न लावता चढला, दोष त्याचाच. उद्या चौकशीत परांचीवाल्याने ‘नट मी आवळला होता’ एवढं म्हटलं, की तो दोष रंगाऱ्याच्या माथी कायमचा बसणार होता.

आवळला असेल. नसेलही. उत्तर काठाशी येई आणि पुन्हा गढूळ पाण्यात बुडे.

“अशानं वेड लागेल तुम्हाला,” बायको म्हणाली. “हातांना काहीतरी काम द्या.”

तिने सकाळपासून त्याला जुंपलंच होतं. त्याने लसूण सोलला. नखांखाली चरचरलं, बोटांना उग्र वास चिकटून राहिला. मग टबातल्या चादरी. साबणाचा गुळगुळीत फेस, मनगटापर्यंत चढणारा पाण्याचा गारवा.

“अहो, चादर पिळायचीय. कुशीत घेऊन तिची समजूत नाही काढायची!”

किती दिवसांनी तो हसला.

दोघं समोरासमोर उभे राहून चादर पिळू लागले. फरशीवर पाण्याची धार, तळव्यात ओल्या सुताचा खरखरीतपणा. याखेरीज जगात काही उरलं नाही. सामान हलवून नेलेल्या खोलीसारखं त्याचं मन रिकामं झालं.

“आणखी एक पीळ द्या.”

त्याने दिला. चादर आता वळेना. तिचा ताठरपणा मनगटातून कोपरापर्यंत चढला.

नट पुरता बसला की पानाही हाताला असाच अडतो. त्या दुपारी तो अडला नव्हता. खालून कुणीतरी चहाला हाक मारली होती, आणि पाना कमरेला खोचून तो उतरला होता.

“नव्हता,” तो म्हणाला.

“काय?”

“नट. मी आवळला नव्हता.”

“इतके दिवस आठवत नव्हतं ना? मग आत्ताच कसं? मनाचे खेळ असतील.”

“मनाचे असते तर बरं होतं गं. हाताला आठवलं.”

“मी डोकं शांत करायला सांगितलं होतं,” तिचा आवाज चिरकला. “हे नव्हतं सांगितलं.”

“झालंय शांत.”

आणि ते खरं होतं. त्या शांततेत पाठ टेकायला आता शंकेचीही भिंत उरली नव्हती.

“हॉस्पिटलमध्ये जाऊन येतो. रंगाऱ्याची बायको तिथंच बसलेली असते. उद्या चौकशीत सांगेनच, पण आधी तिला कळायला हवं.”

“ती काय काय बोलेल, ठाऊक आहे?”

“बोलू दे.”

चादरीचं पाणी तिच्या पावलांवर ठिबकत राहिलं. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली,

“शर्ट बदला आधी. पुढून सगळा भिजलाय.”