तांबडा ठिपका

"ठिपक्याचा रंग सांगा, मॅडम."

सावित्रीने कानाचं यंत्र खिडकीपाशी धरलं, बॅटरीचा कप्पा नखाने उघडला आणि आत पाहिलं.

"तांबडो."

फोनवरच्या मुलीने खेद व्यक्त केला. तो तिच्यासमोर छापलेला असावा. पांढरा ठिपका तांबडा झाला म्हणजे आत पाणी गेलं, आणि पाणी गेलं म्हणजे सहा महिन्यांची हमी संपली. यंत्र परत घेता येणार नाही, बदलून मिळणार नाही. आणखी काही मदत हवी होती का?

सहदेव समोर बसून बायकोचं तोंड बघत होता. कानाच्या यंत्राची तक्रार फोनवरूनच करावी लागते. हा नियम करणाऱ्याचे कान उत्तम असणार.

"काय म्हणता ती?"

"आत पाणी गेला म्हणता!" सावित्री ओरडली. अंगणातला कुत्रा उठून बसला.

"पाणी खंयचा? नारळाचा ता."

मालवणजवळच्या तोंडवलीत होड्यांची इंजिनं सहदेव दुरुस्त करतो. दुरुस्त झालेलं इंजिन तो पाण्याच्या पिंपात चालवतो, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो. आतली बारीकशी टकटकही त्याला त्या लोखंडातून ऐकू येई. मग डोळे उघडून तो म्हणे, "चलतला." एवढीच हमी, ठिपका वगैरे नाही. त्यानंतर होडीवाल्याने आणलेला नारळ फोडायचा, हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि नारळाचं पाणी इंजिनावर शिंपडायचं. तेहतीस वर्षांत एकही इंजिन कोरडं गेलं नव्हतं.

त्याच तेहतीस वर्षांच्या धडधडाटाने कान गेले. एकदम नाही, हप्त्याहप्त्याने. आधी पाखरं गेली. मग सावित्री गेली. हे दोघांच्याही लक्षात यायला वेळ लागला. आणि ऑगस्टमध्ये, मासेमारी पुन्हा सुरू झाली त्याच आठवड्यात, आतली टकटक गेली. वाडीतल्या होडीवाल्या शिवाचं इंजिन त्याने 'चलतला' म्हणून दिलं आणि ते भर समुद्रात बंद पडलं. चार माणसं संध्याकाळपर्यंत लाटांवर हेलकावत राहिली. शेवटी मिठबावच्या एका होडीने त्यांना ओढून आणलं. शिवाने दोष दिला नाही. फक्त त्या दिवसापासून तो सहदेवशी मोठ्याने बोलू लागला.

मुलगी वर्षाली कुडाळला दिलेली. तिने चौकशी केली. नवं यंत्र अठ्ठेचाळीस हजारांचं. तेच वापरलेलं, दुरुस्त केलेलं, ऑनलाइन साडेनऊ हजारांत.

"बाबा, कोणाचातरी वापरलेला आसा," घरी आल्यावर तिने कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "पण कंपनीन नीट करून दिलेला. 'नव्यासारखा' म्हणान लिवलेला आसा!"

सहदेवला ते लगेच पटलं. त्याच्या हातून गेलेलं प्रत्येक इंजिन असंच होतं: कार्बोरेटर एकाचा, पिस्टन दुसऱ्याचा, मालक तिसरा. 'नव्यासारखं' म्हणायचं धाडस मात्र त्याला कधी झालं नव्हतं.

"पयलो मालक मेलो तर नाय मां?" सावित्रीने विचारलं.

"मेलो आसात तर त्येचा आयकान झाला. माझा बाकी आसा."

खोका आला. आतल्या कागदावर पाण्याच्या थेंबाचं चित्र होतं आणि त्यावर फुली. सहदेवने ते पाहिलं. पण जन्मभर खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या यंत्रांशी ज्याचा व्यवहार, त्याला चार थेंबांनी मरणारं यंत्र असू शकतं हे कोण पटवणार? गाऱ्हाणं न घालता यंत्र चालू करणं, धोका त्याच्या मते त्यात होता. त्याने नारळ फोडला.

"बा देवा म्हाराजा, ह्या यंत्र जुना आसा, माझे कानय जुने आसत. दोघांचा जमांदे."

"होय म्हाराजा," सावित्री म्हणाली. सहदेवने पाणी शिंपडलं.

यंत्र दोन दिवस चाललं. पत्र्यावर माडाची झावळी घासते, हे त्याला पुन्हा कळलं. सावित्री मासे साफ करताना पुटपुटते, हेही.

"एकटीच काय गो बोलतंस?"

"एकटी खंय? तुमच्यावांगडाच बोलतंय. पाच वर्षां झाली."

तिसऱ्या सकाळी यंत्र खरखरलं आणि गप्प झालं. आज फोन केला तर ठिपका तांबडा.

बाहेर अंगणात शिवा येऊन थांबला होता. तेच इंजिन, ऑगस्टपासून दुसऱ्यांदा उघडलेलं, आता पिंपात लावलेलं. नारळ त्याने पिंपाच्या काठाशी ठेवला होता. सहदेव दारात दिसताच तो ओरडला, "काका! उद्या भायर जावचा आसा! चलतला मां?"

सावित्री नवऱ्याच्या समोर आली आणि त्याला ओठांवरून कळेल असं बोलली. हल्ली तिला कमी शब्दांत बोलायची सवय झाली होती. "म्हणान टाका चलतला. नायतर उद्यापास्ना कोण येतलो हयसर?"

ते खरं होतं. आज एकदा नाही म्हटलं की वाडीतली सगळी इंजिनं मालवणची वाट धरणार.

सहदेवने दोरी ओढून इंजिन चालू केलं. धूर आला, पिंपातलं पाणी थरथरलं. त्याने स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली. आत नुसता कापूस. दुसऱ्या कानाला लावली. तिथेही कापूस. मग त्याने मूठ दातांत धरली. कान गेलेले मिस्त्री असं करतात, हाडातून कळतं म्हणतात. पण सहदेवची वरची कवळी फुकटच्या शिबिरातली, सैल. टकटकतंय ते इंजिन की कवळी, हे काही त्याला ठरवता येईना.

तो बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला. उघडले तेव्हा शिवा त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"माका कळना नाय, शिवा," सहदेव म्हणाला. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. वाडीभर ऐकू गेलं. "मालवणात दाखव. मगेच दर्यात घाल."

पिंपाच्या काठाचा नारळ उचलून त्याने शिवाच्या हातात दिला. तेहतीस वर्षांत या अंगणातून नारळ अख्खा परत गेला नव्हता.

शिवा काहीतरी बोलला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या नव्हत्या. ऑगस्टपासून पहिल्यांदाच तो सहदेवशी हळू बोलत होता. दारातल्या सावित्रीला ते ऐकू आलं. तिने ते ओरडून सांगितलं नाही, आणि सहदेवनेही विचारलं नाही.

त्याने वाकून इंजिन बंद केलं, आणि ते खरंच बंद झालं का हे बघायला पिंपातलं पाणी थांबेपर्यंत तिथेच उभा राहिला.