लेकीच्या लग्नाला कोणता कॅमेरा

गिरीधररावांनी आजवर शेकडो लग्नांचे फोटो काढले, आणि प्रत्येक मांडवात त्यांची एकच फुशारकी असायची, की माझ्या पोरीच्या लग्नाचे फोटो माझ्याशिवाय दुसरं कुणी काढणार नाही. आता दिव्यश्रीचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि स्वारी हट्टाला पेटली होती. बारा मेगापिक्सेलचा नवा कॅमेरा हवा म्हणजे हवाच.

तसं कारणही घडलं होतं. शहराबाहेरच्या इरुंगाट्टुकोट्टै औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यासाठी काढलेले गिअरचे फोटो धूसर म्हणून परत आले, पाठोपाठ एका मुंजीचा अल्बमही. गिरीधररावांनी सगळं खापर सहा मेगापिक्सेलच्या जुन्या कॅमेऱ्यावर फोडलं. लेन्स हातानेच फिरवून फोकस करायची त्यांची खोड. ऑटोफोकस म्हणजे सहलीला निघालेल्यांची चैन, असं गिंडीतल्या आपल्या स्टुडिओत येईल त्याला ते ऐकवायचे. तेव्हा स्वतःवर शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता.

कॅमेऱ्यांचं दुकान चालवणारा व्यासराज त्यांचा तंजावरपासूनचा मित्र. नवा कॅमेरा घेऊन तो स्वतःच स्टुडिओत आला.

"आधी करून बघू, गिरी. मग घे."

दिव्यश्रीला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. गिरीधररावांनी श्वास रोखून, लेन्स फिरवून नव्या कॅमेऱ्याने तिचा फोटो काढला. मग व्यासराजने जुना कॅमेरा उचलला आणि त्याने एक काढला. दोन्ही मोठे छापून टेबलावर ठेवले. गिरीधररावांची बायको भवानीबाई चष्मा पुसत पुढे झाल्या, दोन्ही पाहिले आणि लेकीकडे वळल्या.

"दोन्ही सारखेच की," गिरीधरराव म्हणाले. "मग नवा घेऊन करायचं काय?"

कुणी दुजोरा दिला नाही. तेव्हा ते दोन्ही फोटोंवर वाकले.

"यातला माझा कुठला?"

व्यासराजने त्यांचं बोट धरून डावीकडच्या फोटोवर टेकवलं. "हा. कानातलं लख्ख आलंय, डोळे मात्र हुकले. नव्या कॅमेऱ्यात चूक आणखीच मोठी दिसते रे. जुन्यातला मी काढलेला हा बघ, पापणीन् पापणी वेगळी आहे."

ते कुठलं बघणार? त्यांना दोन्हीकडे तीच सावळी पोर दिसत होती, धुक्यात बसलेली.

"अप्पा, मला तुमचाच आवडला," दिव्यश्री घाईघाईने म्हणाली. "लग्नाचे तुम्हीच काढा. कसेही येऊ देत. सरी? चालेल ना?"

पोरगी आपलं मन राखायला खोटं बोलतेय, हे कळायला नजर लागत नव्हती. गिरीधररावांचं काळीज तुटलं.

"ऑटोवर ठेवून काढ ना," व्यासराज म्हणाला. "त्यात कसली लाज?"

"आणि ते बरोबर आलं का, हे मला कोण सांगणार?" त्यांनी जुना कॅमेरा व्यासराजच्या हातात दिला. "तू काढ. हाच पुरे आहे."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर, बरोबर मधोमध, डाग असल्याचं सांगितलं. गेलं ते परत येणार नव्हतं.

लग्नात गिरीधरराव प्रथमच मोकळ्या हातांनी उभे राहिले. कन्यादानाला भवानीबाई पाण्याची धार धरत होत्या आणि लेकीचा हात गिरीधररावांच्या ओंजळीत होता. समोर हातभर अंतरावर ती. ते सरळ बघायचे तेव्हा तिचा चेहरा पुसून जायचा आणि कडेला शालूचा काठ तेवढा उरायचा. मान तिरकी करून त्यांनी दोनदा प्रयत्न केला. लोकांना वाटलं, बाप रडू लपवतोय.

"भवानी," ते हळूच म्हणाले, "पोर रडतेय का गं?"

"नाही हो. हसतेय," भवानीबाई म्हणाल्या.

दोघींपैकी कुणाचाच चेहरा त्यांना दिसत नव्हता. म्हणून त्यांनी नुसतं बरं म्हटलं.