खळीत बुडवलेले फूल

मित्रांनो, जवळ या, पण आधी हात पुसा. ओल्या हाताने मला कोणी धरले की माझा जीव घाबराघुबरा होतो. मी एक जुना लाकडी ठसा आहे. कच्छमधल्या आमच्या गावच्या बालमंदिरात, खिडकीखालच्या पत्र्याच्या पेटीत माझा मुक्काम असतो. माझ्या तोंडावर एक फूल कोरलेले आहे. त्याच्या एका पाकळीचा टवका उडाला आहे, तो कसा उडाला ते पुढे सांगतोच.

तुम्ही म्हणाल, लाकडाच्या ठोकळ्याला कसली आली काळजी? अहो, लाकडालाच सगळ्या काळज्या. पाणी लागले तर फुगायचे, ऊन लागले तर तडकायचे, कोपऱ्यात विसरले तर वाळवीच्या पोटात जायचे, आणि यातून वाचलेच तर चूल आहेच.

मी जन्माने सागाचा. पेथापूरच्या एका कारागिराने मला कोरले. मुले विचारतात, छिन्नी लागली तेव्हा दुखले का? दुखले थोडे, भीती फार वाटली. कारागिराचा हात जरा घसरला तर फुलाऐवजी सरपण व्हायची पाळी. पण त्याचा हात घसरला नाही. कोरून झाल्यावर त्याने मला तेलात मुरत ठेवले आणि मग मी कच्छला, नूरमामद खत्री यांच्या छपाईच्या कारखान्यात आलो.

तिथली रीत तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्या रीतीमुळेच झाला. खत्र्यांच्या घरी कापडावर आधी रंग येत नाही. आधी चुना आणि डिंक कालवून पांढरी लापशी करतात. मला तिच्यात बुडवायचे आणि पांढऱ्या कापडावर उमटवायचे. पांढऱ्यावर पांढरे! नवखा माणूस बघून म्हणेल, दिवसभर काय केलेत, कापड तर कोरेच आहे. मग ते कापड वाळते आणि पुढे निळीच्या हौदात जाते. जिथे मी टेकलो होतो तिथे निळा रंग चढत नाही, आणि निळ्या कापडावर पांढरी फुले उमलून येतात. त्या दिवसाला घरात 'रंगाचा दिवस' म्हणत. त्या दिवशी सगळी पोरे हौदाभोवती जमायची, आणि सर्वांत पुढे असायची नूरमामददादांची नात, हलीमा.

दादा माझे फार कौतुक करत. "हा ठसा कधी दगा देत नाही," असे पाहुण्यांना सांगत. एवढे कौतुक झाले की मला धाकधूक वाटायची. आणि झालेही तसेच. एकदा मी हातातून निसटलो तो थेट फरशीवर. एक पाकळी उडाली. तुटक्या पाकळीचा ठसा कापडावर चालत नाही, आणि तुटक्या ठशाची जागा चुलीजवळ. मला तिकडे नेऊन ठेवलेही होते. पण दादांच्या सुनेने, म्हणजे हलीमाची आई हवाबाई हिने, मला उचलले. "पोरांना खेळायला होईल," म्हणाली आणि ओढणीत गुंडाळून घेऊन निघाली. दुसऱ्या हाताशी हलीमा होती. असे आम्ही दोघे एकाच दिवशी बालमंदिरात दाखल झालो.

बालमंदिराच्या बाई होत्या दमयंतीबेन. राजकोटहून नव्याने आलेल्या, प्रेमळ, आणि मुलांच्या पायाला काटा टोचला तरी स्वतःच कळवळणाऱ्या. हवाबाई दारातच त्यांना म्हणाली, "बेन, हिचा बाप तयार नव्हता. म्हणतो, पोरीला शिकून कुठं जायचंय, घरी बसून बांधणीच्या गाठी मारेल. मी हट्टानं आणलीय."

"बरं केलंत," बेन म्हणाल्या.

"बरं अजून कुठं झालंय? तो म्हणतो, बालमंदिर संपलं की बेन 'हो' म्हणाल्या तरच पहिलीत घालीन. तुमच्या तोंडून एकदा 'नाही' आलं की विषय संपला. मी गाठी मारून मारून नखं घालवली, बेन. हिची राहू देत."

मित्रांनो, ते ऐकले आणि माझी स्वतःची काळजी मी विसरलो. विसरलो म्हणजे बाजूला ठेवली.

बालमंदिरात दर आठवड्याला एक विषय असे. उंटांच्या आठवड्यात पुठ्ठ्याचे उंट झाले, त्यांना खराट्याच्या काड्यांचे पाय. घरांच्या आठवड्यात मुलांनी कागदावर बाजरीचे दाणे चिकटवून भुंगे, म्हणजे इकडची गोल मातीची घरे, बांधले, आणि अर्धी बाजरी चिमण्यांनी नेली. भाजीच्या आठवड्यात भेंडी आडवी कापून तिचे ठसे उमटवले. ते मला जरा लागले. भेंडीचेही फूल उमटते, आणि छान उमटते. मी पेटीत पडून विचार करत होतो, आता आपली गरज संपली. पण भेंडी दुसऱ्या दिवशी सुकली.

मग फुलांचा आठवडा आला आणि दमयंतीबेननी मला बाहेर काढले. चटईवर दोन ताटल्या ठेवल्या. एकीत लाल रंग होता. दुसरीत मैद्याची खळ होती, रंगीत कागदाच्या पाकळ्या चिकटवायला. बालमंदिरातल्या मदतनीस जीवीमा ती खळ रोज सकाळी शिजवत. मुलांनी रांगेने मला लाल रंगात बुडवले आणि कागदावर आपटले. कोणाचे फूल अर्धे, कोणाचे दुहेरी, एकाने तर स्वतःच्या पोटावरच उमटवले. बेन प्रत्येकाला शाबासकी देत होत्या.

हलीमाची पाळी आली. तिने मला नीट धरले, आणि खळीत बुडवले. कागदावर अलगद ठेवले, मुठीच्या बुडाने वरून दोन ठोके दिले, अगदी दादा देत तसे. उचलले. पुन्हा बुडवले, पहिल्या फुलाला खेटून ठेवले. एक ओळ संपवून दुसरी धरली. फुले कशी सरळ रेषेत! इतकी नेटकी छपाई मी कारखाना सोडल्यापासून पाहिली नव्हती. पण कागद पांढरा आणि खळही पांढरी.

"हलीमा, बेटा, ती चिकटवायची खळ. रंग इकडे," बेन म्हणाल्या.

"रंग आत्ता नाही," हलीमा म्हणाली.

"मग कधी?"

"नंतर."

बेननी तिचा हात धरून मला लाल ताटलीकडे वळवले, तर तिने हात सोडवून घेतला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तिला वाटत होते, रंगाचा दिवस बेन ठरवतील, घरी दादा ठरवतात तसा. बेनना वाटत होते, या मुलीला सांगितलेले कळत नाही. आणि दोघींच्या मध्ये मी, सगळे जाणणारा, तोंडाला खळ फासून बसलेला. माझ्या तोंडावर फूल कोरलेले आहे, पण त्या तोंडाने बोलता येत नाही. मला इतके असहाय कधीच वाटले नव्हते, चुलीजवळही नाही.

जीवीमांना तरी हे सुचावे, असे मला वाटे. पण त्या अहिरांच्या वस्तीतल्या. खत्र्यांच्या कारखान्यावरून जाताना निळीच्या वासाने नाकाला पदर लावत आणि भराभरा पुढे जात. आत काय चालते ते त्यांनी कधी पाहिले नव्हते. हवाबाईला कोणी विचारलेच नाही. तिला वाटत होते, पोरगी मजेत आहे.

वर्ष सरत आले. बालमेळ्याचा दिवस ठरला. आईबाप येणार, मुलांची कामे भिंतीवर लागणार. आदल्या दुपारी बेन कागद लावायला बसल्या. भिंतीवर लाल फुलेच फुले झाली. हलीमाचे कागद त्यांनी एकेक करून उलटसुलट पाहिले.

"जीवीमा, हे सगळे कोरेच," त्या म्हणाल्या. "हिचं काय लावू भिंतीवर?"

"मागच्या बाजूनं वापरता येतील पुढच्या वर्षी," जीवीमा म्हणाल्या. "चांगला जाड कागद आहे."

"मला उद्या हिच्या आईला सांगावं लागेल. साधं रंगात बुडव म्हटलं तर बुडवत नाही पोर. पहिलीत गेली तर मास्तर रोज ओरडतील, रडून रडून अर्धी होईल. अजून एक वर्ष घरी राहिलेली बरी."

"तुम्ही म्हणाल ते खरं, बेन. पण घरी राहिली की राहिलीच म्हणा."

बेननी कागदांचा गठ्ठा खिडकीत ठेवला. त्यांनाही ते सांगणे जड जात होते, हे मला दिसत होते. पण मनातून वाईट वाटून 'नाही' म्हटले, तरी ते 'नाही'च असते.

मेळ्याच्या सकाळी जीवीमा अंगणात पांढरे पडदे निळवायला बसल्या. तसराळ्यात नीळ कालवून ठेवली होती, चांगली गडद, बादलीत थोडी थोडी ओतायला. पडदे आणायला त्या आत गेल्या. हलीमा लवकर आली होती. तिने तसराळे पाहिले आणि जागीच उभी राहिली. मग धावत खिडकीशी गेली, गठ्ठा ओढला, आणि एकेक कागद निळीत घालून लगेच उचलायला लागली. कागद अंगणात पसरले, वर खडे ठेवले.

जीवीमा बाहेर आल्या. "अगं ए, काय मांडलंयस हे? माझी नीळ नासवलीस! बेन, या, पाहा तुमची गुणाची!"

बेन धावत आल्या. पोरीचे कोपरापर्यंत हात निळे, फ्रॉक निळा. बेनचा चेहरा पाहून मला समजले, आता उरलेसुरलेही गेले. नेमकी त्याच वेळी हवाबाई फाटकातून आत आली, इस्त्रीची ओढणी घेऊन, मेळ्याला नटून.

"हवाबाई, बरं झालं लवकर आलात," बेन म्हणाल्या. "मला तुमच्याशी हलीमाबद्दल बोलायचंय. मी मनापासून सांगते, राग मानू नका…"

मी पेटीच्या उघड्या झाकणातून बघत होतो. लाकूड घामेजत नाही म्हणतात. मला तेव्हा घाम फुटला होता.

कच्छचे ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. कागद वाळायला वेळ लागला नाही. मोठ्यांचे काय चालले आहे याच्याशी हलीमाला देणेघेणे नव्हते. तिने पहिला कागद उचलला आणि तळहाताने चोळला. वाळलेल्या खळीचे पापुद्रे सुटून खाली पडले. निळ्या कागदावर पांढऱ्या फुलांची एक ओळ उघडी झाली, मग तिच्याखालची. प्रत्येक फुलाची एक पाकळी तुटकी होती.

बेनचे वाक्य अर्धेच राहिले. त्या खाली वाकल्या, मग मातीतच बसल्या. त्यांनी दुसरा कागद उचलला आणि स्वतः चोळून पाहिला. त्यातही फुले होती.

"हे तू केव्हा केलंस?"

"रोज तर केलं," हलीमा म्हणाली. "तुम्ही रंगाचा दिवस काढलाच नाही."

हवाबाईला हसू आले. "आमच्या घरी असंच असतं, बेन. आधी पांढरं. तिला वाटलं असेल, सगळीकडेच असं. पण तुम्ही काही तरी सांगत होता ना?"

बेन हातातला कागद न सोडता उठल्या. मग त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला 'नाही' सांगायला उभी होते, हवाबाई."

हवाबाईचे हसू गेले. "आणि आता?"

"आता तिच्या वडिलांना माझ्याकडे पाठवा. त्यांना मीच सांगते."

वडील आले, बेननी सांगितले, आणि हलीमा पहिलीत गेली. तिचे निळे कागद बेननी अजून भिंतीवरून काढलेले नाहीत. आता फुलांच्या आठवड्यात सगळीच मुले मला खळीत बुडवतात आणि मग खळ तशीच ठेवून पळतात. ती माझ्या पाकळ्यांत वाळते, तिला मुंग्या लागतात. तेव्हा एवढे करा: काम झाले की मला ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने, आणि सावलीत उपडा ठेवा.

आणखी एक काळजी आहे, ती सांगतो आणि थांबतो. पहिलीचा वर्ग मैदानापलीकडे आहे. वारा तिकडून आला की तिथले आवाज पेटीपर्यंत येतात. परवा नव्या मास्तरांचा आवाज आला, "हलीमा, सगळ्यांचं लिहून झालं. तू पाटी कोरी घेऊन काय बसलीस?" मग वारा फिरला. ती काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. मित्रांनो, मला इथून हलता येत नाही. तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल, तर मास्तरांना एवढे सांगा, जरा थांबा म्हणावे.