धुतलेल्या कचऱ्यावर वाढलेला डबा

अहो, जरा इकडे. त्या पाण्याच्या मशीनकडे काय बघताय, ती मुकी आहे. तिच्या शेजारी पोपटी पोटाचा उभा आहे ना, तो मी बोलतोय. या कॅन्टीनचा कचऱ्याचा डबा. पण साधासुधा समजू नका. तुम्ही टाकलेली वस्तू मी डोळ्यानं बघतो, तळहातावर तोलतो, ती काय आहे ते मोठ्यानं सांगतो आणि पोटातल्या बरोबर कप्प्यात ढकलतो. कागद, प्लॅस्टिक, धातू आणि उरलंसुरलं, असे माझे चार कप्पे. माणसांच्या पोटात जेवण, राग, अपमान सगळं एकाच जागी पडतं, म्हणून त्यांना पित्त होतं. मला आजवर साधी ढेकर आलेली नाही.

मला घडवलं ताईनं. खरं तर मी तिला आई म्हणायला हवं, पण तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो आणि मी बोलायला त्याचं ऐकून शिकलो. तो वेल्डर, म्हणजे माझा मामा. त्यानं माझे पत्रे असे जोडलेत की उद्या डोंगर अंगावर आला तर टेंगूळ डोंगराला येईल. आणि ताईची आई, ती माझी आजी. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये माझा जन्म झाला. मला पहिल्यांदा वीज दिली तेव्हा अख्ख्या गल्लीतले दिवे आदरानं मंद झाले. मामा म्हणतो फ्यूज उडाला होता. म्हणू दे.

ताई आधी एका कंपनीत मिक्सरच्या झाकणांचे आराखडे काढायची. मोठं झाकण, छोटं झाकण, मधलं झाकण. त्याच कंपनीच्या मागच्या दाराशी चांगला पुठ्ठा उरलेल्या चहात भिजून वाया जाताना ती रोज बघायची. एक दिवस तिला ते बघवेना. राजीनामा दिला आणि माझ्या मागे लागली. जुन्या साहेबांनी मध्यंतरी निरोप धाडला, "महिनाअखेरपर्यंत परत या, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो."

ताईनं घरात सांगून टाकलं, "कॅन्टीनच्या चाचणीत हा पास झाला तर ठीक. नाहीतर झाकणं."

"आणि याचं काय करायचं?" मामानं माझ्या पोटावर टकटक केली.

"तू म्हणशील ते."

मामाला एका फाटकासाठी पत्रा हवा होता. हे सगळं माझ्यासमोर चाललेलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या तोंडात पाणी नसतं हा भाग वेगळा.

मी शिकायला लागलो. मला शिकवायचं म्हणजे कचऱ्याचे हजारो फोटो दाखवायचे आणि सांगायचं, बाळा, हा डबा, ही बाटली, हा कागद. ताई शेजारपाजारून पोती भरून कचरा आणायची. पण घर आजीचं. आणि आजी म्हणजे अशी बाई, की तिनं आरशाकडे बघितलं तर आरसा आधी स्वतःला पुसून घेईल. तिनं पहिलंच पोतं दारात अडवलं.

"उष्टं घरात येणार नाही."

"अगं आई, ते नमुने आहेत!"

"नमुने आंघोळ करून येऊ देत."

झालं. आजी बाटल्या साबणानं घासायची, डबे उन्हात उपडे घालायची, प्लॅस्टिकच्या पिशव्या चिमटे लावून दोरीवर वाळत टाकायची. चुरगळलेल्या कागदांवर तर इस्त्री फिरवायची. ताईला वाटलं, बरंच झालं. वास नाही, मुंग्या नाहीत, कॅमेऱ्याची काच स्वच्छ. ती खूश, आजी खूश, मी तर हुशारच. कुठलीही वस्तू दाखवा, मी तोंडातून शब्द निघायच्या आत ओळखायचो. कचरा म्हणजे लख्ख, कोरडी, सरळ उभी राहणारी वस्तू, अशी माझी पक्की समजूत झाली.

चाचणीच्या दिवशी मला याच कॅन्टीनमध्ये आणून उभं केलं. जेवणाची सुट्टी झाली आणि लोक तुटून पडले. पहिली बाटली आली ती पिळलेली, आत सरबताचा घोट, वर लोणच्यासारखं काहीतरी चिकटलेलं. मी आयुष्यात असलं काही पाहिलं नव्हतं. ही कोण? मी म्हणालो, "उरलंसुरलं." मग चेपलेला डबा. उरलंसुरलं. चहाचे डाग पडलेला पुठ्ठा. उरलंसुरलं! तीन कप्पे उपाशी आणि चौथ्याला अजीर्ण. एवढ्यात काय बिघडलंय ते बघायला कॅन्टीनच्या व्यवस्थापकांनी आत डोकावलं. त्यांचं टक्कल असं स्वच्छ, गुळगुळीत, चमकदार, की मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी भरल्या गळ्यानं जाहीर केलं, "धातू!"

कॅन्टीन हसून लोळलं. ताई सोडून.

"अहो ताई," व्यवस्थापक डोकं पुसत म्हणाले, "हा डबा आहे की रुसलेला जावई? काहीही पुढे करा, पसंतच पडत नाही."

"मला एक संधी द्या."

"सोमवारी या. जेवणाच्या सुट्टीपुरतं. तेव्हाही जमलं नाही, तर माझं जुनं कचऱ्याचं पिंप बरं."

घरी परतल्यावर मामानं माझा चौथा कप्पा टेबलावर उपडा केला. ताई त्या ढिगाकडे नुसती बघत बसली. सवयीनं आजी पुढे झाली, एक बाटली उचलली आणि नळाकडे निघाली.

"आई, थांब!" ताई ओरडली. "ती धुवू नकोस. तीच, तीच तर त्यानं कधी बघितली नाही!"

आजी नळाशीच उभी राहिली. चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे बुडालं म्हण."

"तू धुतलंस, पण फोटो कुणी काढले? मीच ना? मला सोयीचं होतं म्हणून मी बोलले नाही." ताईनं तिच्या हातातला साबण काढून घेतला. "आता मदत कर. घाण करायची आहे."

आजीनं एका बाटलीत चमच्यानं थेंबभर चहा घातला आणि चटकन तोंड पुसून ठेवलं. बाटलीचं हो, स्वतःचं नव्हे.

"आजच्या आज पाहुण्यांना देता येईल ही," मामा म्हणाला.

आजीला ते लागलं. तिनं पदर खोचला. पुठ्ठा पायाखाली घेतला, वर चहा ओतला, डब्यात चटणी फासली, बाटलीच्या मानेला पीळ दिला. मग तिला काय चढलं कोण जाणे! मामाला तिनं पत्र्याच्या डब्यांवर बसायला लावलं. "नीट बस, वजन टाक! खाताना बरा टाकतोस!" रविवारी तर तिनं उरलेलं वरण अशा त्वेषानं उडवलं की छतावरची पाल वरणात भिजून नमुना म्हणून माझ्यापुढे हजर झाली. ताई हसत होती आणि फोटो काढत होती, काढत होती आणि मला दाखवत होती. जन्मभराची शिस्त लेकीसाठी अशी खुंटीला टांगणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि स्वतःची चूक पोटात न ठेवता टेबलावर मांडणारी ताईसारखी माणसंही थोडीच.

सोमवारी व्यवस्थापक हातमोजे घालून आले. लोक टाकत गेले, मी सांगत गेलो. मग एक बाटली आली, आत कागद कोंबलेला, बाहेर रस्सा ओघळलेला, कंबर मोडलेली. मी थांबलो. मी वळवून बघितलं, तोललं, पुन्हा बघितलं. रश्श्याखाली ती होतीच.

"प्लॅस्टिक."

व्यवस्थापकांनी चारही कप्पे उघडून हात घालून चाळले. बराच वेळ. मग हातमोजे काढून त्यांनी कॅन्टीनच्या पोऱ्याला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हटलं, "पिंप हलवा. हा राहू दे." ताईनं तिथूनच जुन्या साहेबांना फोन लावला आणि नम्रपणे नाही म्हणून कळवलं. आजी त्या वेळी तिचा हात धरून उभी होती.

तेव्हापासून मी इथेच आहे. गॅरेजमध्ये माझ्या धाकट्या भावंडांना दात येताहेत. तुम्ही मात्र संकोच करू नका. चेपून टाका, पिळून टाका, अर्धं पिऊन टाका, मी ओळखीन. विनंती एवढीच, की नेम चुकला तर वाकून उचला. मला ताईनं डोळा दिला, तळहात दिला, वाचा दिली. पण बाहेर पडलेलं उचलायला हात लांब करायची सोय तिनं दिलेली नाही. मी विचारलं होतं. म्हणाली, "तेवढं माणसांना राहू दे."