तळव्याला न कळलेलं ऊन

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. काळ्या जाड कातड्याचा, घोट्याच्या वर चढणारा, डाव्या पायाचा. माझा उजवा जोडीदार अजून उंबऱ्याशी असतो. मी मात्र ट्रंकेमागे पडून आहे. असं का झालं, ते ऐका.

कारखान्यात मला शिवलं तेव्हा कुणाचा पाय वाट्याला येणार, हे मला ठाऊक नव्हतं. आला तो फौजेतल्या हवालदार लालासाहेबांचा. कृष्णाकाठच्या उसाच्या गावचा हा गडी. पाय हडकुळा, टाच दगडासारखी. पहाटे आम्ही पळायचो, दिवसा डोंगर चढायचो. बर्फातल्या चौकीवर उभे असताना ते माझ्या आत सारखी बोटं हलवत राहायचे. सोबत्याला म्हणायचे, "बोटं झोपू द्यायची न्हाईत गड्या." त्या पायाला सगळं कळायचं. मोज्याला पडलेली चुणीसुद्धा.

निवृत्तीच्या दिवशी गावानं जीपमधून मिरवणूक काढली. हलगी वाजली. शालूबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, दारात ओवाळलं. मला फार अभिमान वाटला.

पण नोकरी संपली तरी नोकरीतली भूक तशीच राहिली. चार दिवस ते पहाटे रस्त्यावर पळाले. मग ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली. बांधावर जायचं तरी किक मारून. सकाळी गोड चहा आणि खारी, दुपारी भाताचा डोंगर, संध्याकाळी कट्ट्यावर फरसाण. वर जत्रा, बारशी, लग्नांच्या पंगती होत्याच. शालूबाई ताटात पालेभाजी वाढायच्या, ती कडेला सरकायची. त्या म्हणायच्या, "आवं, जरा कमी करा की. पोट बघा कुठं चाललंय."

"जवानाचं अंग हाय हे. दगड खाल्ला तरी पचंल," ते हसायचे.

हळूहळू त्यांना वाकून माझी नाडी बांधता येईना. मग ती शालूबाई बांधू लागल्या. पुढं तर मला कोनाड्यात ठेवून ते चपलेतच वावरू लागले. तहान फार लागायची. सारखं लघवीला उठावं लागायचं. पायाला मुंग्या यायच्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखरेचा आजार सांगितला. वजन उतरवा, रोज चाला, गोळी चुकवू नका, पाय जपा. लालासाहेबांनी महिनाभर ऐकलं. बरं वाटल्यावर गोळ्या बंद केल्या आणि कारल्याच्या रसावर भागवलं.

मग चैत्रातली यात्रा आली. पालखीपुढं माजी सैनिकांनी चालायचं ठरलं, म्हणून कितीतरी दिवसांनी आम्हाला पॉलिश झालं. देवळाबाहेर आम्हाला काढून ते अनवाणी आत गेले. डोक्यावर भर दुपारचं ऊन. आवारातली फरशी इतकी तापलेली, की बायका-पोरं कडेच्या सावलीतून उड्या मारत जात होती. लालासाहेब मात्र संथपणे प्रदक्षिणा घालत राहिले. लोक कौतुकानं म्हणाले, "फौजी माणूस हाय, त्यास्नी कशाचं ऊन!"

बाहेर येऊन त्यांनी पाय माझ्यात घातला. मित्रांनो, तो पाय ओला लागला. तो घाम नव्हता.

घरी शालूबाईंनी मोजा काढला आणि त्या किंचाळल्या. "अगं आई गं! आवं, सगळा तळवा भाजलाय की! कळलं न्हाई व्हय तुमास्नी?"

"काय झालंय? मला तर काय दुखंना."

"चला दवाखान्यात. आत्ताच."

"बर्फात पाय गारठलं तवा काय झालं न्हाई. दोन फोडांनी काय हुतंय? हळद लाव."

हळद लावली. उजव्या तळव्याचे फोड सुकले. डाव्याचे फुटले, जखम चिघळली. ते तरीही चालत राहिले, कारण दुखतच नव्हतं. अंगठा काळा पडला, घरात वास येऊ लागला, अंगात ताप भरला, तेव्हा मुलगा वीरधवल त्यांना गाडीत घालून सांगलीला, विश्रामबागेतल्या दवाखान्यात घेऊन गेला. साखरेनं पायाची जाणीवच मारली होती, आणि जखमेचं विष वर चढलं होतं. जीव वाचवायला डाव्या पायाचा गुडघ्याखालचा भाग काढावा लागला.

ते कुबड्यांवर घरी आले. एकदा खाटेवरून त्यांनी हाक मारली, "शाले, डाव्या अंगठ्याला लय खाज सुटलीया. जरा खाजीव की." शालूबाई आल्या. रिकाम्या चादरीकडं बघत उभ्या राहिल्या. मग पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी मला उचलून ट्रंकेमागे ठेवलं.

दवाखान्यात असतानाच वीरधवलचंही रक्त तपासलं होतं. तिशीतच त्याची साखर वाढू लागली होती. वजन उतरवलंस तर आजार अजून मागं सारता येईल, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं. पण घरी येऊन तो म्हणाला, "आबा, मला कुठं काय हुतंय? मी ठणठणीत हाय."

लालासाहेब ताडकन उठायला गेले आणि तोल जाऊन पडले. जमिनीवरूनच ओरडले, "मलाबी काय हुत न्हवतं रं! तीच तर खरी गोम हाय. काय हुतच न्हाई, आन् पाय जातो!" हवालदार रडताना मी पहिल्यांदाच पाहिले. वीरधवलही रडला.

आता तो पहाटे चालायला जातो. काही दिवस जातो, काही दिवस झोपून राहतो. शालूबाई भाताचं पातेलं लहान करून बसल्यात. या घराचं पुढं काय होईल, मला सांगता येत नाही.

मित्रांनो, तुम्ही धावा, खेळा, ताटातली भाजी संपवा. तुमच्या घरी कुणाला साखरेचा आजार असेल, तर आज त्यांच्या पायाशी बसा. त्यांचे तळवे हातात घ्या, बोटांच्या बेचक्यांत बघा. लाल दिसलं, फोड दिसला, तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. ते म्हणतील, "अरे, दुखत नाही." तेव्हा तर मुळीच थांबू नका.