कॅप्टन कुणाच्या गाडीत बसणार?

चतुराबाईला कुणी खाणावळवाली म्हटलं की तिच्या कपाळाची शीर उठायची. रविवार कारंजावर तिचं दुमजली घर होतं. खाली स्वयंपाकघर आणि पंगतीची जागा, वर आठ खोल्या, खोल्यांत खाटा, खाटांवर धुतलेल्या चादरी, आणि दारावर ‘चतुर लॉज’ अशी ठसठशीत पाटी. एवढं सगळं असून गिऱ्हाईक खाली पोटभर जेवायचं, ढेकर द्यायचं आणि निजायला समोरच्या ‘प्रकाश भुवना’त जायचं. गोटीरामशेठचं ते लॉज काही फार मोठं लागून गेलं नव्हतं. तिथले ढेकूण अख्ख्या नाशकाला ठाऊक होते. पण विधवा बाईच्या घरात परक्या माणसानं निजायचं कसं, असा प्रश्न लोकांना पडायचा. जेवताना तो पडत नसे. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि वरच्या चादरी मळण्याआधीच विरायला लागल्या होत्या.

तशात एकोणीसशे चौतीस सालच्या मार्गशीर्षात गावात बातमी आली की विमान येतंय. विमान उडवणारा कॅप्टन सोनजे आपल्याच जिल्ह्यातला, सटाण्याच्या एका कांद्याच्या अडत्याचा मुलगा. पण मुंबईला जाऊन विमान उडवायला शिकला म्हणजे आता तो साहेबच झाला, यावर सगळ्यांचं एकमत होतं. अण्णा वकिलांच्या अध्यक्षतेखाली स्वागत मंडळ निघालं. मखमलाबादच्या वाटेवरचं माळरान दगड वेचून साफ करण्यात आलं. मग कॅप्टनची तार आली. एक दिवसाचा मुक्काम आहे, उतरण्याची सोय गावाच्या मध्यावर करावी.

गावाचा मध्य म्हणजे रविवार कारंजा, आणि तिथं समोरासमोर दोन पाट्या. मंडळाच्या बैठकीत गोटीरामशेठ म्हणाले, “जेवायला हवं तर साहेब बाईंच्या खाणावळीत येतील. निजायला आमच्याकडे.”

“जेवतील तिथंच निजतील,” चतुराबाई म्हणाली. बैठकीला तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती चहा घेऊन आली होती आणि तिथंच उभी राहिली होती.

वाद हातघाईवर येतोसं पाहून वकिलांनी तोड काढली. दोघांनीही माळरानावर आपापलं वाहन आणावं. कॅप्टन आपणहून ज्याच्या वाहनात बसतील, त्याच्याकडे त्यांचा मुक्काम. हे ऐकून गोटीरामशेठ मिशीतल्या मिशीत हसले. नाशिक रोड स्टेशनवरून उतारू आणायला त्यांनी नुकतीच मोटार घेतली होती.

चतुराबाई घरी आली ती मनाशी हिशेब मांडतच. असा एक माणूस आपल्या घरी निजला, की उद्या सिन्नर-येवल्याची बडी माणसंही निजतील. तो समोर निजला, तर आपण मरेपर्यंत खाणावळवालीच.

वाहनाचा खल दोन दिवस चालला. देवळाली कॅम्पात भाड्याची एक मोटार होती, पण ती कुणाच्या तरी वऱ्हाडात गुंतलेली. स्वयंपाकीण ठमाबाईचं म्हणणं पडलं, पालखी न्यावी. “देवसुद्धा पालखीतून येतो, हा तर आभाळातून येतोय.” पालखीला खांदे कुणाचे, असं विचारल्यावर ठमाबाई भाकऱ्या थापायला निघून गेली. शेवटी इसाकभाई टांगेवाला आला आणि त्यानं चतुराबाईला समजावलं.

“बाई, जो माणूस तासन् तास इंजिनाची घरघर ऐकत आला, तो परत मोटारीत कशाला बसंल? त्याचे कान किटले असतील. त्याला आमच्या राणीच्या टापा ऐकू द्या. नाशकात अशी घोडी नाय.”

चतुराबाईला ते पटलं. तिनं ट्रंकेतली कोरी सतरंजी काढून टांग्याच्या बैठकीवर अंथरली, राणीच्या गळ्यात शेवंतीची माळ घातली आणि स्वतःला बजावलं, घोडामैदान जवळच आहे.

मैदान जवळ होतं खरं, पण घोडी टिकली नाही. सकाळी दहाच्या सुमारास माळरानावर जत्रा लोटली होती. त्र्यंबकच्या डोंगराकडून घरघर आली, ठिपका दिसला, ठिपक्याचे पंख दिसले, आणि विमान दोन घिरट्या घालून लोकांच्या टोप्या उडवत खाली आलं. राणीनं एकदा कान टवकारले आणि ती टांग्यासकट, शेवंतीसकट, कोऱ्या सतरंजीसकट जी सुटली ती थेट पंचवटीच्या दिशेनं. “या अल्ला!” करत इसाकभाई तिच्यामागं धावला.

चतुराबाई फुफाट्यात एकटी उभी राहिली. डोळ्यांत धूळ गेली म्हणून पाणी आलं, असं तिनं शेजारच्या बाईला सांगितलं. त्या बाईचा त्यावर विश्वास बसला नाही, कारण ती नवसाबाई होती. माळरानाला लागूनच नवसाबाईचा आणि तिचा नवरा वाळू याचा मळा होता, आणि चतुराबाईच्या स्वयंपाकघरात रोजची भाजी त्यांच्याच गाडीतून यायची.

“रडू नगा बाई,” नवसाबाई म्हणाली. “त्यो अजून बसलाय कुठं?”

कॅप्टन सोनजे विमानातून उतरला. पंचविशीतला पोरगा, अंगात चामडी कोट, तोंडावर तेलाचे शिंतोडे. वकिलांनी खिशातून इंग्रजी मानपत्र काढून घसा खाकरला. गोटीरामशेठच्या ड्रायव्हरनं मोटारीचं दार उघडून धरलं. मोटारीवर इतके हार होते की चाकं तेवढी दिसत होती. पण कॅप्टनचं लक्ष ना मानपत्राकडं होतं ना मोटारीकडं. गर्दीच्या पलीकडं बघत तो आपल्या सटाण्याच्या बोलीत ओरडला, “कोना ढोरे शेतस ह्या?”

साहेब असं बोलेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वकिलांनी मानपत्राची घडी घालून ते परत खिशात ठेवलं.

कुणाची ढोरं, असं तो विचारत होता, ती म्हणजे दहा-बारा गाईम्हशी होत्या. त्यांचा गुराखी विमान बघायला पुढं घुसला होता, त्यामुळं त्या मोकाट चरत होत्या.

“विमानाच्या पंखांवर कापड असतं,” कॅप्टननं मग नीट समजावून सांगितलं. “त्या कापडाला लेप देतात, आणि गुरांना त्या लेपाची चव गुळासारखी आवडते. गेल्या महिन्यात एका गावी मी चहा प्यायला गेलो, तेवढ्यात दोन गाईंनी शेपटाकडचं कापड खाऊन टाकलं. चार दिवस अडकून पडलो. आता मी विमान सोडून कुठंही जाणार नाही.”

“आणि निजणार कुठं?” गोटीरामशेठनी घाबरून विचारलं.

“विमानाखाली.”

गाव सजवलं होतं, दोन्ही लॉजांनी भिंतींना चुना लावला होता, आणि पाहुणा माळावर निजायचं म्हणत होता. “गुरांचं काय घेऊन बसलात, आत्ता हाकलतो,” असं म्हणून गोटीरामशेठनी ड्रायव्हरला भोंगा वाजवायला सांगितलं. भोंगा असा काही वाजला की गुरं बिथरून चारी वाटांनी पळाली, आणि त्यातली एक म्हैस पळाली ती नेमकी विमानाच्या पंखाखाली. तिथं थांबून तिनं पंख एकदा चाटून पाहिला. तिला तो आवडलेला दिसला.

कॅप्टन केस उपटत धावला. पण त्याच्याआधी चतुराबाईचं डोकं चाललं होतं. “नवसाबाई, तुझी गोफण कुठाय गं?”

गोफण नवसाबाईच्या कमरेलाच होती. तिनं ती गरगर फिरवून सोडली, तो दगड म्हशीच्या नाकापुढं वीतभर अंतरावर मातीत घुसला. दुसरा दगड लावेपर्यंत म्हैस ओढ्यापार झाली होती आणि तिच्यामागं बाकीची गुरंही. मळ्याच्या कुंपणाशी नवसाबाईची आणि त्या गुरांची रोजचीच ओळख होती.

“साहेब, हिच्या मळ्यातली कोथिंबिरीची काडी आजवर कुठल्या गुराच्या तोंडाला लागलेली नाही,” चतुराबाईनं कॅप्टनला सांगितलं. “उद्या तुम्ही येईपर्यंत ही आणि हिचे दीर तुमच्या विमानाची राखण करतील. मी इथं पिठलं-भाकरी धाडीन.”

“आन् ठेचा,” नवसाबाई म्हणाली.

कॅप्टननं मातीत रुतलेला दगड पाहिला, नवसाबाईकडं पाहिलं आणि हात जोडले. “मग हरकत नाही. येतो मी गावात.”

“मग चला तर!” गोटीरामशेठनी त्याचा हात धरला आणि त्याला मोटारीकडं नेलं. राखणदार चतुराबाईनं दिला, साहेबाचा घोर तिनं मिटवला, आणि पाहुणा मात्र शेठ घेऊन चालले. तिच्याकडं वाहनच नव्हतं. कॅप्टनचा एक पाय मोटारीच्या पायरीवर पडला. बँडवाल्यांनी गाल फुगवले.

तेवढ्यात कॅप्टननं विमानाकडं शेवटचं वळून पाहिलं, आणि पायरीवरचा पाय खाली घेतला. विमानापासून वीस पावलांवर बाभळीखाली नवसाबाईच्या नवऱ्याची, वाळूची, बैलगाडी उभी होती. जुवाला बांधलेले दोन बैल पंखाकडं माना लांबवून उभे होते.

“आणि हे दोघं?”

“आमचंच हायती साहेब,” वाळू म्हणाला. “लय गरीब.”

“गरीब असले तरी दात आहेत ना? आधी यांना इथून न्या.”

“नेतोच की. मेथी भरलीया, गावातच चाललोय. बाईंच्या मागल्या दारी.”

“मग मीही यांच्याबरोबरच येतो,” कॅप्टन म्हणाला. “डोळ्यांदेखत गावात पोचले, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.” आणि कुणी काही म्हणायच्या आत तो टुणकन उडी मारून गाडीत चढला आणि मेथीच्या जुड्यांवर ऐसपैस बसला.

गोटीरामशेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. “हे चालायचं नाही! ही गाडी वाळूची. बाईंचं वाहन पळून गेलं, सगळ्यांनी बघितलंय.”

वकिलांनी चष्मा पुसला. “चतुराबाई, गाडी तुमची आहे का?”

ती खोटं बोलली असती तरी वाळूनं ना म्हटलं नसतं. तो तर मान डोलवायच्या तयारीत होता. पण नऊ वर्षं जी बाई खऱ्यानं जगली, तिला ते जमेना.

“गाडी वाळूची,” ती म्हणाली. शेठ हसले. “पण मेथी माझी. उद्याच्या पंगतीसाठी कालच सांगून ठेवलेली. साहेब गाडीत कुठं बसलेत? ते माझ्या मेथीवर बसलेत.”

वकिलांची हयात कोर्टात गेली होती. त्यांनी चष्मा चढवून मेथी नीट निरखली. मग म्हणाले, “मुद्दा बिनतोड आहे. हाक रे गाडी.”

बैलगाडी पुढं, हारांनी लदलेली मोटार मागं, अशी ती मिरवणूक निघाली. वाटेला दोन्ही बाजूंनी निवडुंगाची कुंपणं, त्यामुळं मोटारीला पुढं जायला जागा नव्हती. पंचवटीपर्यंत गोटीरामशेठ बैलांच्या चालीनं धूळ खात आले. चतुराबाई पुढं वाळूच्या शेजारी बसली होती. गोदावरीच्या पुलावर कॅप्टननं मागून हळूच विचारलं, “बाई, तुमचं लॉज बरं आहे ना?”

“ढेकूण नाहीत,” चतुराबाई म्हणाली.

पुढच्या दारी रांगोळी, सनई आणि गर्दी होती. पण मेथी रोज मागल्या दारानं जायची, म्हणून कॅप्टनही मागल्या दारानंच आत गेला. ठमाबाईनं त्याच्या कोटाला चिकटलेली पानं झटकली आणि पाट मांडला. त्यानं चार भाकऱ्या खाल्ल्या, वर गेला आणि पहिल्या खोलीतल्या खाटेवर पडल्यापडल्या घोरू लागला. त्याचं घोरणं जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. चतुराबाई पदराला हात पुसत जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली आणि ऐकत राहिली. तिला फार म्हणजे फार बरं वाटलं.

विमान बघायला आलेली परगावची मंडळी मग एकेक करून दारात येऊ लागली. कॅप्टन जिथं उतरलेत तिथंच आम्हालाही खोली पाहिजे. सिन्नरचा एक तंबाखूवाला आला, येवल्याचे पैठणीवाले निसारभाई आले, ओझरचे दोन मास्तर आले. विधवा बाईच्या घरात निजायचं कसं, हे त्यांपैकी कुणाला आठवलंसुद्धा नाही. उन्हं कलायच्या आत उरलेल्या सातही खोल्या भरल्या.

त्यानंतर निफाडहून एक गृहस्थ आले, आणि चतुराबाईनं जन्मात पहिल्यांदा ते दोन शब्द उच्चारले. “जागा नाही.” ती इतकं हळू म्हणाली की गृहस्थांना ऐकू गेलं नाही. मग तिला ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि त्याबद्दल तिची मुळीच तक्रार नव्हती. “समोर प्रकाश भुवनात बघा,” तिनं सांगितलं. तिच्याकडून माघारी गेलेले नऊजण त्या दिवशी समोर उतरले.

दिवेलागणीच्या आधी खुद्द गोटीरामशेठ रस्ता ओलांडून आले. टोपीवर अजून वाटेतली धूळ होती. उंबऱ्याबाहेरच थांबून ते इकडंतिकडं बघत राहिले. आतून फोडणीचा वास येत होता, आणि त्यांनी सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं.

“बाई,” ते म्हणाले, “साहेबांना एकदा नुसतं बघायचं होतं. पण तुमच्याकडं आज जागा नाही म्हणतात.”

“गिऱ्हाइकांना नाही, शेठ,” चतुराबाई म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. “तुम्ही शेजारी. पाय धुऊन या. ठमाबाई, अजून एक पान वाढ गं.”